ऐंशी सेकंदांची क्लिप

९ जानेवारी

अगं,

पत्र बघून दचकशील. अक्षर लगेच ओळखशील. माझं अक्षर वाचायला माझ्याच घरून माणूस आणावा लागतो, असं आमच्या संशोधन केंद्रात सगळे म्हणायचे. फोनवर माझा आवाज आला की तू ठेवून देतेस, म्हणून हा उद्योग.

काम सरळ आहे. पाकिटात दोन फॉर्म आहेत, एक गुलाबी, एक पांढरा. भिंगरीला या महिन्यात दहा पूर्ण झाली. चार महिन्यांची असताना ज्या बाळांचं चित्रीकरण केलं, त्यांना दहाव्या वर्षी पुन्हा बोलवायचं असं केंद्राचं तेव्हापासून ठरलेलं होतं. बाळंतपणानंतर ज्या आयांचं मन ठिकाणावर नव्हतं त्यांची मुलं पुढे कशी वाढतात, कशाचा धोका उरतो आणि कशाचा उरत नाही, हे मोठ्या डॉक्टरीणबाईंना शोधायचंय. त्याला आईची संमती लागते. बाबाची, म्हणजे माझ्या लेकाची, चालत नाही आणि आजीचीही नाही, मी विचारून बघितलं. गुलाबी फॉर्म त्याचा. पांढरा असाच आहे, तुमच्या तेव्हाच्या फिल्मची प्रत मिळावी म्हणून. वाचत बसू नकोस, खाली सही ठोक आणि पाठवून दे.

भिंगरी मजेत आहे. पुढचा एक दात तिरका आलाय. वर्गात इतकी बडबड करते की बाईंनी तिला एकटीला खिडकीपाशी बसवलंय, तर आता ती खिडकीशी बोलते.

केंद्राने तिलाही एक वही पाठवली होती भरायला. त्यात एके ठिकाणी होतं, 'आईबद्दल तीन ओळी लिही.' तिने एकच लिहिली. तुला कळवू की नको असं चाललं होतं माझं, पण कळवते. 'मी लहान होते तेव्हा ती माझ्याकडे बघायची नाही.' बाकी दोन ओळी कोऱ्या. कुठून डोक्यात घेतलं पोरीने, कोण जाणे. मोठी व्हायच्या आत ते तिच्या डोक्यातून गेलं पाहिजे, एवढंच मला वाटतं. त्यासाठी पांढरा फॉर्म.

सही लवकर कर.

आई


२४ जानेवारी

अगं,

पाकीट पोचलं. गुलाबीवर सही, पांढरा कोरा, आणि त्याच्या कडेला पेन्सिलीने तुझी एक ओळ: 'ही फिल्म नक्की कोणाला हवी आहे, आणि कशाला?' सहा वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. नेमकं बोट ठेवायची सवय गेली नाही तुझी. लोकांच्या कानांची मापं घेऊन ऐकायची यंत्रं बसवतेस म्हणे तिकडे. ते काम तुला जमत असणार.

मला हवी आहे. भिंगरीला दाखवायला.

डिसेंबरात डॉक्टरीणबाईंनी मला बोलावून घेतलं. मला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण माझ्या जुन्या तक्त्यांवरचं अक्षर कोणाला लागेना. तळघरातली तीच खोली, तेच दोन पडदे, खुर्ची तेवढी नवीन. आमचं काम मी तुला कधी नीट सांगितलं नाही. तू विचारायचीस आणि मी नियमावर बोट ठेवायचे. आता ऐक.

तुमचं चित्रीकरण तीन भागांत व्हायचं, ते तुला आठवत असेल. दोन मिनिटं बाळाशी खेळा. मग दोन मिनिटं बाळाकडे बघत नुसत्या बसा. हसायचं नाही, बोलायचं नाही, चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलवायची नाही, बाळाने काहीही केलं तरी. मग पुन्हा दोन मिनिटं खेळा. आई अशी गप्प झाली की बाळ काय करतं, ते बघायचं होतं. मोजायला आम्ही खाली. पण आमच्या हातात यायच्या त्या सुट्या क्लिप, आवाज काढून टाकलेल्या, शंभर आयांच्या एकत्र पिसलेल्या. कुठली क्लिप कुठल्या भागाची, हे आम्हाला सांगायचे नाहीत. सांगितलं असतं तर आम्ही मत आधी बनवलं असतं आणि मोजलं नंतर. दर पाच सेकंदांना एक चौकोन भरायचा. बाळ आईकडे बघतं का, हात पुढे करतं का, रडतं का. आईचा चेहरा हलतो का.

आणखी एक नियम होता. क्लिपमध्ये ओळखीचं माणूस निघालं तर तिथल्या तिथे बंद करायची आणि निळ्या ट्रेमध्ये टाकायची. दुसरी कोणीतरी मोजेल.

चारशे सतरा नंबरची क्लिप मी निळ्या ट्रेमध्ये टाकली नाही. पिवळं टोपडं मीच विणलेलं, पहिल्या सेकंदाला ओळखलं. तरी बघितली. भिंगरी आधी तुझ्याकडे बघून हसली. मग हात पुढे केले. मग मान वळवली, परत बघितलं, आणि ओठ काढून रडायला लागली. तुझा चेहरा हलला नाही.

डिसेंबरात कुठली क्लिप कुठल्या भागाची याची यादी आम्हाला उघडून दिली. चारशे सतरासमोर होतं, भाग दुसरा. म्हणजे तुला तसं बसायला सांगितलं होतं, म्हणून तू बसली होतीस.

मला हे तेव्हा माहीत नव्हतं. आता कळलं, म्हणून लिहिते. माणसाकडून चूक होते. पांढरा फॉर्म परत पाठवतेय, सही कर.

आई


५ फेब्रुवारी

अगं,

उत्तर नाही तुझं. नसू दे. 'माणसाकडून चूक होते' असं लिहून पाकीट टाकून आले, आणि तेव्हापासून ते वाक्य मला टोचतंय.

पहिल्या पत्रात लिहिलं होतं ना, की पोरीने कुठून डोक्यात घेतलं कोण जाणे. मी जाणे. ती चार वर्षांची होती. रविवार होता, तुझ्या फोनची वेळ. मी भांडी घासत होते आणि ती माझ्या पायात पायात करत विचारत होती, आई आपल्याकडे का राहत नाही, आई आपल्याकडे का राहत नाही. मी वैतागून म्हटलं, 'कारण तू बाळ होतीस तेव्हा ती तुझ्याकडे बघायची नाही. मी बघितलंय माझ्या डोळ्यांनी.' फोन वाजला तेव्हा पलंगाखाली जाऊन बसली. त्या दिवसापासून ती फोनवर येत नाही. तुला वाटत असेल मी तिला येऊ देत नाही. मला अडवायची गरजच पडली नाही.

काल भिंगरीच्या बाबाला यादीचं सांगितलं. तो शर्टांना इस्त्री करत होता. मी सगळं बोलून होईपर्यंत कॉलर दाबत राहिला. मग म्हणाला, 'आई, तू मला सेकंद मोजून सांगितलं होतंस. ऐंशी सेकंद पोर रडतेय आणि ही ढिम्म हलत नाही, असं. मी काय समजायचं होतं?' मी म्हटलं, चुकलं माझं. तो म्हणाला, 'माझंही चुकलंच. मी तिला एकदा विचारायला हवं होतं.' इस्त्री तशीच टेकवून गच्चीवर निघून गेला. शर्ट करपला.

तू विचारलं होतंस. तेही आज लिहून टाकते, नाहीतर तू म्हणशील ही सोयीचं तेवढंच आठवते. ओट्यापाशी उभी होतीस, बाटली उकळत ठेवली होती. तो तुला एवढंच बोलला होता की फिल्म बघून आईला काळजी वाटतेय, तू थोडे दिवस माहेरी जाऊन विश्रांती घे, बाळ इथेच राहू दे. तू मला विचारलंस, 'आई, मी काय केलं हो त्या फिल्ममध्ये?' मी म्हटलं, 'ते सांगता येत नाही. गोपनीय असतं.' लेकाला सगळं सांगून झालं होतं, आणि तुझ्यासाठी नियम. तू बाटलीखालचा गॅस बंद केलास. मग म्हणालीस, 'तुम्ही इतक्या आया बघता. तुम्हाला कळत असेल.' आणि बॅग भरायला गेलीस.

तुला वाटलं मी खेळण्याचा भाग बघितला. तू तिच्याशी खेळतेस तेच मला वाईट दिसलं, असं वाटलं तुला. तेव्हा तू दिवसातून चार वेळा रडत होतीस, स्वतःवर तुझा भरवसा उरला नव्हता, आणि मी त्यावर शिक्का मारला. सहा आठवडे म्हणून गेलीस. पुढे वकिलाच्या टेबलावर तू सही केलीस ती पोर नको म्हणून नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून केलीस.

फॉर्मचं तुला वाटेल तसं कर.


१६ फेब्रुवारी

अगं,

अजून एक गोष्ट राहिली आहे. गेल्या तीन पत्रांत ती मी चुकवत आले. डॉक्टरीणबाईंना सांगितली नाही, लेकाला सांगितली नाही. माझ्या तक्त्यावर ती माझ्याच अक्षरात आहे, आणि अक्षर कोणाला वाचता येत नाही म्हणून मी इतकी वर्षं निर्धास्त होते.

तक्त्याच्या तळाला एक रकाना असतो, क्लिपची लांबी. पूर्ण क्लिप एकशे वीस सेकंदांची. चारशे सतरा होती ऐंशी सेकंदांची. मी तिथे लिहिलंय, 'अपुरी.'

आता नीट ऐक. खेळाची क्लिप कधीच अपुरी नसायची. खेळ मध्येच थांबवायचं कारणच काय? तुटायचा तो गप्प बसायचा भाग. बाळ फार रडलं तर कॅमेरावाला थांबवायचा, नाहीतर आईला सोसायचं नाही आणि तीच उठायची. आम्हाला सांगितलेलं नसलं तरी सहा महिने तिथे बसलेल्या कोणालाही हे कळायचं. मी तर तेव्हा अकरा वर्षं बसले होते. नवीन मुलींना मीच दाखवायचे, अपुरी दिसली की समजा दुसरा भाग, पण बोलू नका.

म्हणजे मला माहीत होतं. ज्या हाताने 'अपुरी' लिहिलं त्याच हाताने दाराची कडी उघडून मी घरी आले आणि लेकाला बाजूला घेऊन सांगितलं की पोर हिच्यापाशी सुरक्षित नाही. अंदाज चुकला असं झालं नाही. जे माहीत होतं ते मी बाजूला सारलं.

का, ते सांगते, आणि त्यात माझी बाजू घेण्यासारखं काही नाही. भिंगरी माझ्या खांद्यावर झोपायची, तुझ्या नाही. तुझ्याकडे दिली की रडायची, माझ्याकडे आली की थांबायची. मला वाटायला लागलं की ती माझीच आहे. माझा लेक लहान असताना मी दिवसभर नोकरीवर, तो शेजारणीकडे वाढला. आता हातात एक बाळ होतं आणि मध्ये तू होतीस. तू आजारी होतीस, चार-सहा महिन्यांत बरी झाली असतीस. मी तेवढं थांबले नाही. मला ती हवी होती.

माफ कर असं लिहिणार नाही. माफी मागितली की समोरच्याला काहीतरी द्यावं लागतं, आणि तुझ्याकडून मी आधीच फार घेतलंय. पांढरा फॉर्म तिसऱ्यांदा पाठवतेय, शेवटचा.

भिंगरीची आजी


४ मार्च

अगं,

फॉर्म मिळाला. सही, आणि कडेला पेन्सिलीने, 'आधी भिंगरीने बघावी. तुम्ही शेजारी बसा. बघायच्या आधी तिला नियम सांगा.'

काल दुपारी केंद्रात बघितली. डॉक्टरीणबाईंनी वरची खोली दिली आणि स्वतः बाहेर थांबल्या. त्यांनाही 'अपुरी'चं सांगितलंय. माझे सगळे तक्ते आता कोणीतरी पहिल्यापासून तपासणार आहे. तसंच व्हायला पाहिजे.

मी भिंगरीला नियम सांगितला. म्हटलं, तीन भाग आहेत, मधल्या भागात आईला सांगितलेलं आहे की हलायचं नाही. ती म्हणाली, 'खेळ होता का?' मी म्हटलं, 'अभ्यास होता.' ती म्हणाली, 'मग ठीक आहे,' आणि खुर्ची पुढे ओढली.

ही पूर्ण फिल्म होती, आवाजासकट. चारशे सतरा मी अनेकदा आठवली असेल, पण तुझा आवाज त्यात कधीच नव्हता. पहिल्या भागात तू तिच्या कानाच्या पाळीला हात लावून विचारतेस, 'हा कोणाचा? आणि हा कोणाचा? दोन-दोन कशाला गं तुला, एक मला दे.' भिंगरी खिदळतेय. माझ्या शेजारची भिंगरी आपल्या कानाला हात लावून बसली होती. डोळे सुजलेत तुझे फिल्ममध्ये, केस विंचरलेले नाहीत, रडून आलेली दिसतेस, आणि तरी खेळतेस. पहिल्या भागाची ही क्लिप मोजायला दुसऱ्या एकीकडे गेली होती. तिचा तक्ता बघितला, 'आईचा चेहरा हलतो' याचे सगळे चौकोन तिने भरलेत.

मग दुसरा भाग. भिंगरी सेकंद मोजायला लागली, मी तिला सांगितलं नव्हतं तरी. बाळ रडायला लागलं तेव्हा ती मोजायची थांबली. तुझा चेहरा हलत नाही, पण खाली हात आहेत तुझे, ते मी तेव्हा बघितलेच नव्हते, आमच्या तक्त्यात हातांना चौकोन नव्हता. तू ओढणीचं टोक बोटांना इतकं आवळलं होतंस की बोटं पांढरी पडली होती. ऐंशीव्या सेकंदाला तू उठतेस. तिला उचलतेस, टोपडं खाली पडतं, आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणतेस, 'नाही जमत मला. तुमचा अभ्यास तुम्ही करा.' मागून कॅमेरावाला म्हणतो, 'ताई, चाळीसच सेकंद राहिलेत.' तू म्हणतेस, 'राहू देत.'

भिंगरीने तेवढंच पाच वेळा मागे घेऊन बघितलं. 'राहू देत' आलं की हसायची. पाचव्या वेळी हसली नाही. म्हणाली, 'आजी, तू हे आधी बघितलं होतंस?' मी म्हटलं, 'हो. पण ती उठायच्या आधीपर्यंतच.' 'मग तू बाबाला काय सांगितलंस?' मी सांगितलं. तुला जे चौथ्या पत्रात लिहिलं, ते तिला कळेल अशा शब्दांत, पण पूर्ण. निळ्या ट्रेचं, 'अपुरी'चं, ती मला हवी होती त्याचंही.

न्यायला तिचा बाबा आला होता, घरी येताना ती त्याच्या बाजूने चालली. आज सकाळी केस तिने स्वतःच बांधले. दहा वर्षांत पहिल्यांदा. भांग वाकडा होता, मी तो तसाच राहू दिला.

भिंगरीची आजी


१९ मार्च

अगं,

तुमचं फोनवर ठरलं ते तिच्या बाबाने सांगितलं. शनिवारी सकाळच्या गाडीने तो तिला घेऊन येतोय. मी येत नाही. सुट्टीपुरतं की पुढचंही, ते तू आणि ती बघा. मला कोणी विचारलं नाही, आणि तेच बरोबर आहे.

तिची बॅग मी भरली, तेवढं तिने करू दिलं. दूध गरम लागतं, पण साय दिसली की हात लावत नाही. गणितात मुद्दाम चुकते, बाजूला कोणी बसावं म्हणून. अंधाराला घाबरत नाही, बंद दाराला घाबरते, थोडं उघडं ठेव.

आणि एक. ती प्रश्न विचारते आणि मग समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहते, डोळे न हलवता. तुला वाटेल ही त्या ऐंशी सेकंदांची खूण आहे. मलाही तसंच वाटत आलं होतं. लोकांना मी तसंच सांगायचे, आईमुळे म्हणून.

चार तारखेच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली. फिल्म संपल्यावर, खोलीतून निघायच्या आधी, भिंगरीने पडद्यावर तुझ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं, मधल्या भागातल्या. म्हणाली, 'आजी, तू पण अशीच बसतेस. मी आईचं काही विचारलं की.' मग म्हणाली, 'पण तुला तर कोणी सांगितलेलं नसतं.'

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तेव्हाही तशीच बसले होते.

शनिवारी तिने काही विचारलं तर लगेच बोल. नुसतं 'हं' म्हणालीस तरी पुरतं तिला.

भिंगरीची आजी